कुंकवाची बोटं

त्या गाडीची मला पहिल्या दिवसापासूनच भीती वाटत होती. तीस वर्षं मी नांदेडात ट्रॅक्टरचे पंप आणि नोझल दुरुस्त करत आलो. ट्रॅक्टर बिघडला तर शेतात उभा राहतो, मालक दोन शिव्या घालतो, विषय संपतो. ही गाडी सहा सिलिंडरची, टर्बोची. रस्त्यावर ती बिघडली तर शिव्या घालायला कुणी उरेलच असं नव्हतं.

गाडी लातूरच्या एका डॉक्टर बाईंची, ऑपरेशनं करणाऱ्या. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर तपासायचं मशीन मी नुकतंच घेतलं होतं, ते ऐकून त्या आल्या. तक्रार सांगताना त्यांचा आवाज अगदी सपाट होता. औशाच्या रस्त्यावर एका टँकरला ओलांडताना गाडीने अचानक दम सोडला. समोरून बस येत होती. मागच्या सीटवर त्यांची सात वर्षांची मुलगी होती.

"बसवाल्याने बस रस्त्याखाली घातली म्हणून वाचलो, काका," त्या म्हणाल्या. "परत असं व्हायला नको."

"नाही होणार," मी म्हणालो. चहा घेणार का विचारावं, तितक्या सहज म्हणालो.

पहिल्या दिवशी काहीच सापडेना. थंड इंजिन एकदम गोड चालायचं. मग शेजारच्या सीटवर लॅपटॉप ठेवून मी अर्धापूरच्या रस्त्यावर येरझाऱ्या घातल्या. तासाभराने इंजिन चांगलं तापलं आणि स्क्रीनवर चोर दिसला. चौथा सिलिंडर मधूनच पेटत नव्हता. प्लग बदलले, चौथ्याची ठिणगी देणारी कॉइल पहिल्यावर नेऊन लावली, तरी चूक चौथ्यातच. म्हणजे इंजेक्टर. सहाही काढून मशीनवर लावले, तर सहांचे फवारे अगदी सारखे. दोष फक्त तापल्यावर दिसणारा होता. बाहेर काढल्यावर त्या सहांत फरक एवढाच होता, की एक जण चौथ्या जागेवर बसलेला होता.

म्हणून टेबलावरच्या ट्रेमध्ये खडूने एक ते सहा आकडे लिहिले आणि प्रत्येकाला त्याच्या आकड्यावर ठेवलं. पुण्याहून एक नवा मागवला. इंजेक्टरच्या अंगावर बारीक नंबर छापलेले असतात, ते टिपून घ्यायला हवे होते. ट्रॅक्टरच्या नोझलला असं काही करावं लागत नाही, म्हणून मला सुचलं नाही. तीस वर्षांच्या अनुभवाचा असाही उपयोग होतो.

मध्ये खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी पाने-पक्कडी धुऊन पुसून लाल कापडावर मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. हे काम बायकोचं. "टेबलावरचं समदं घे," असं सांगून मी केळीचे खांब आणायला अर्धापूरला गेलो. परत आलो तेव्हा पूजा मांडून झाली होती. पाहुण्यांच्या गडबडीत मी लांबूनच नमस्कार केला.

दसऱ्याच्या सकाळी कापडाजवळ गेलो, तर पान्यांच्या शेजारी सहा इंजेक्टर, कुंकवाच्या बोटांनी नवरीसारखे नटून. माझं डोकं फिरलं.

"अगं, हे काय हत्यार हाय का?"

"टेबलावरचं समदं म्हणलात न तुम्ही," बायको म्हणाली. आणखी काहीतरी सांगायला लागली होती, पण मी ऐकायला थांबलो नाही. कुंकवाचा एक कण भोकात गेला तरी इंजेक्टर वाया. सहाही उचलले आणि धुण्याच्या मशीनमध्ये टाकले. दहा मिनिटांत लख्ख झाले.

मग नवा इंजेक्टर हातात घेतला, चौथा बाजूला काढायला हात पुढे केला, आणि हात तिथेच थांबला. यातला चौथा कोणता?

सहाही उजेडात धरून पाहिले, भिंग लावून पाहिले. एकाच्या टोकावर जरा काळपट झाक आहे असं वाटलं, की मी तसं मानून घेतलं. तोच चौथा असं ठरवलं. तो बाजूला ठेवला, नवा लावला, बाकीचे पाच नव्या सीलसकट बसवले. गाडी सुरू केली, तर आवाज मांजरासारखा मऊ. चक्कर मारायला निघालो. तासभर तापवायला हवी होती. मी अर्ध्या तासातच परत फिरलो, कारण मला जाणून घ्यायचं नव्हतं.

दुपारी डॉक्टर बाई बसने आल्या, सोबत मुलगी. मुलीने माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि पाया पडली. "झालं ना काका सगळं?" बाईंनी विचारलं. मी मान हलवली. तोंडाने हो म्हणायचं मात्र टाळलं, जणू त्याने माझं पाप कमी होणार होतं.

घरी जेवायला बसलो. पुरणपोळी ताटात तशीच राहिली. मनात हिशोब चालू होता: आता त्या गाडी घेऊन नांदेडबाहेर पडल्या असतील, आता इंजिन तापत आलं असेल, आता पुढे एखादा टँकर असेल. शेवटी सगळी भीती बायकोवर काढली. तिच्या पूजेमुळे सहांची खिचडी झाली, एखाद्याच्या लेकराचं काही झालं तर ते तिच्या माथी, असं काय काय बोललो.

तिने तवा खाली उतरवला. "खिचडी काऊन होईल? खाली आकडे लिवलेले मला दिसले की. म्हणून तर एकाला एक बोट ओढलं, दुसऱ्याला दोन, असं सहापस्तोर. तेच सांगून राहिले होते सकाळी."

मी ते कुंकू पाहिलं होतं. मोजलं नव्हतं.

फोन लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलेना. पुन्हा लावला. कितव्यांदा लावला कोण जाणे, तेव्हा बाईंनी उचलला. त्या लोह्याला मावशीकडे सोनं द्यायला थांबल्या होत्या.

"मॅडम, गाडी चालू करू नका. मी चुकीचा इंजेक्टर बदललाय बहुतेक." मग म्हणालो, "बहुतेकसुद्धा नाही. कोणता खराब आहे ते मला माहीतच नव्हतं. अंदाजाने लावला."

"गावाबाहेर इंजिनचा दिवा एकदा लागून गेला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही बघितलंय म्हणजे ठीकच असेल."

मोटरसायकलवर लॅपटॉप बांधून लोह्याला गेलो. मावशींच्या अंगणात गाडी उभी होती, इंजिन अजून गरम होतं. चालू केल्यावर थोड्याच वेळात स्क्रीनवर आलं: दुसरा सिलिंडर. खराब इंजेक्टर मी माझ्याच हाताने चौथ्यावरून दुसऱ्यावर नेऊन बसवला होता. मुलगी ओसरीवर बसून पाय हलवत होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

बाईंना सगळं सांगितलं, बोटांचंसुद्धा. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पोट शिवण्याआधी आम्ही कापसाचे बोळे मोजतो, काका," त्या म्हणाल्या. "एक कमी भरला तर शिवत नाही. मोजणारी सिस्टर असते. ती बोलायला लागली की मी हात थांबवते."

गाडी टोचन करून नांदेडला आणायला अंधार पडला. बायकोने ताट झाकून ठेवलं होतं.

"पोरगी बरी हाय न?" एवढंच तिने विचारलं.

"हाव," म्हणालो. त्यानंतर मला तिची माफी मागायची होती, पण आधी रडूच आलं. सकाळी मी तिचं ऐकायला थांबलो नव्हतो; ती मात्र समोर बसून मी बोलायची वाट बघत राहिली.