पांढरा हत्ती मझौलीच्या मटारात

जबलपूरला जाऊन भेडाघाट न बघता परत येणारी माणसं फार नसतील. आम्ही तसे परत आलो, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. आमच्या गाडीत आठ फुटी पंखांचं विमान होतं आणि ते उडवायलाच आम्ही निघालो होतो.

आधी थोडं मागचं सांगते. आमचे हे रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले आणि यांनी बोलणंच सोडलं. भांडण नाही, आजार नाही. चहा पुढे ठेवला की "हं", जेवण झालं की "हं". बाल्कनीत खुर्ची टाकून समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत बसायचे. मग केव्हातरी मोबाइलवर फोमची विमानं बनवायला शिकवणारा एक हिंदी माणूस सापडला आणि आमच्या नागपूरच्या हॉलमध्ये कारखाना सुरू झाला. फोमच्या शीट, बांबूच्या कामट्या, गरम गोंदाची बंदूक, मोटर, बॅटऱ्या. सुरुवातीची छोटी विमानं एकामागून एक आपटली. म्हणून यांनी एकदम मोठं घेतलं, कारण मोठं विमान म्हणे हळू उडतं आणि नवशिक्याला सांभाळून घेतं. स्प्रेने रंगवायला गेले तर रंगाने फोमच खाल्ला, पंखाची चाळणी झाली. तो पंख नव्याने केला आणि रंगाचा नाद सोडला. मी त्या धुडाचं नाव पांढरा हत्ती ठेवलं. फोमचा भुगा माझ्या कणकेपर्यंत पोचला होता. पण हत्तीचा विषय निघाला की हे बोलायचे, अगदी भरभरून. मी पोळ्या लाटत "हो का?" म्हणायचे.

तर एका सकाळी हे म्हणाले, "हा पडला ना मंगल, तर बास. सगळं सामान भंगारात."

हत्ती गेला तर पुन्हा ती खुर्ची आणि ती पाण्याची टाकी.

उडवायचं कुठे, हा मोठाच प्रश्न होता. सरकारच्या ड्रोनच्या नकाशावर आमचा नागपूरचा भाग लालेलाल, म्हणजे उडवायला बंदी. (तुम्हीही काही उडवणार असाल तर आधी तो नकाशा बघा, मग स्वप्नं बघा.) माझा मामेभाऊ विवेकदादा जबलपूरला रांझीत राहतो, डिफेन्सच्या फॅक्टरीत आहे. तो फोनवर म्हणाला, "इकडे घेऊन या ना! मझौलीला माझ्या ओळखीचे पटेलजी आहेत, वावरच वावर आहे त्यांचं." नकाशा पाहिला, मझौलीकडचा भाग हिरवा निघाला. ठरलं.

जानेवारीतली सकाळ. पंखांचे दोन भाग पुढच्या सीटपासून मागच्या काचेपर्यंत आडवे, आणि मागच्या सीटवर मांडीवर शेपूट घेऊन मी. नागपूर ते जबलपूर रस्ता उत्तम आहे. फास्टॅगमध्ये हजारभर रुपये असू द्या आणि पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या उंच रस्त्यावर उगाच थांबू नका. सहा तास धरून चाला. टोलवरच्या माणसाने आत डोकावून विचारलं, "ये क्या है मैडम?"

"हवाई जहाज."

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा शेपटाकडे पाहिलं आणि दांडी वर केली. हे हसले नाहीत. सिवनीच्या पुढे एका टपरीवर गरम पोहे आणि जिलबी खाल्ली, तीही मुकाट्याने. तिलवाऱ्याच्या पुलावर नर्मदा लागली तेव्हा मी मनात म्हटलं, मय्या, बाकी काही मागत नाही, तेवढा हत्ती धड उतरू दे.

रांझीत दादाच्या क्वार्टरसमोर पंख बाहेर काढले आणि अर्धी कॉलनी गोळा झाली. "अंकल, यहीं उड़ा के दिखाओ ना!" दादाने हात जोडले. "नहीं भैया, बाजूला फॅक्टरी आहे. इथे याचं चाकसुद्धा फिरवायचं नाही." सुनंदावहिनीने मटारच्या करंज्या केल्या होत्या. जबलपूरला थंडीत गेलात तर मटार खाल्ल्याशिवाय तुमची सुटका नाही, भाजीत, भातात, पोह्यात, सगळीकडे तोच. वहिनी यांना म्हणाली, "भाऊजी, काहून इतके गप्प बसून राहिले? करंज्या बिघडल्या का?"

"नाही, छान आहेत," हे म्हणाले आणि ताटात बघू लागले. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी आणखी एक करंजी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी नाश्ता करून सिहोऱ्यावरून मझौली. वाटेत धुकं होतं, त्यामुळे वेळ लागला. पटेलजी म्हणजे उंच, मफलर गुंडाळलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांच्या शेतामधून सरळ कच्चा रस्ता जातो, तीच आमची धावपट्टी. दोन्ही बाजूंना मटार. पंख रबरबँडांनी बांधले, बॅटरी लावली, शेपूट डावीकडे-उजवीकडे हलवून पाहिलं.

मोटर गुणगुणली. हत्ती डुगडुगत धावला, थोडा तिरपा झाला आणि चक्क उचलला गेला! खरं सांगते, इतक्या दिवसांचा भुगा मी त्या क्षणी माफ केला. दादा टाळ्या वाजवत होता. हत्ती आरामात वळला, उंच गेला, आणखी उंच गेला.

आणि दिसेनासा झाला. म्हणजे होता तिथेच, पण धुकं पुरतं उठलं नव्हतं, आभाळ दुधासारखं, त्यात आमचं पांढरं विमान. एक पुसट रेघ तेवढी दिसत होती. हे ओरडले, "मंगल, तो येतोय की जातोय? मला कळत नाहीये!" समोरून येणाऱ्या विमानाला डावी-उजवी उलटी द्यावी लागते, आणि तो येतोय की जातोय हेच कळलं नाही तर हात काय करणार? हे घाबरून रिमोटच्या दोन्ही दांड्या इकडे-तिकडे दाबत होते आणि वर ती रेघ पिसाटल्यासारखी लोळत होती.

त्या हिंदी माणसाचे व्हिडिओ आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ चालायचे. मी एकही पाहिला नाही, पण पोळ्या लाटताना कान थोडेच बंद होतात! त्याचं एक वाक्य मला आरतीसारखं पाठ झालं होतं. तेच त्याच्याच सुरात माझ्या तोंडून निघालं, "घबराओ मत! मोटर कम करो! स्टिक छोड़ दो! जहाज़ खुद सँभलेगा!"

यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. मग मोटर कमी केली आणि विमान वळवायची उजवी दांडी सोडून दिली.

रेघ लोळायची थांबली. हळूहळू सरळ झाली, मोठी झाली, तिला पंख फुटले, आणि हत्ती आपला आपण शांतपणे तरंगत खाली आला. आमच्या रस्त्यावर नाही, पार पलीकडे, मटारात. खस्स आवाज आला, मग काहीच नाही.

आम्ही बांधावरून धावलो. मी साडी सावरत, ठेचकाळत. जाऊन बघतो तर पंख एकीकडे, धड एकीकडे, नाक चेपलेलं, एक चाक गायब. हे बांधावर बसले. मी यांच्या तोंडाकडे बघायचं टाळून वेलांत चाक शोधू लागले. पुन्हा ती बाल्कनी, पुन्हा ते "हं". मला रडू यायला लागलं होतं.

पटेलजी सावकाश चालत आले. तुडवलेल्या वेलांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. विमानाभोवती एक फेरी मारली आणि गंभीरपणे म्हणाले, "नाक के बल नहीं गिरा, पेट के बल उतरा है भाईसाब. सवारी बैठी होती, तो बच जाती."

हे त्यांच्याकडे बघत राहिले. मग खांदे हलले. मला वाटलं रडताहेत. पण हे हसत होते, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "सवारी बच जाती!" असं म्हणत पुन्हा हसत होते. दादा हसला, मी चिखलाने माखलेलं चाक हातात घेऊन हसले आणि रडलेही. छातीवरचा दगड उतरणं म्हणजे काय ते मला मटारच्या त्या शेतात कळलं.

पंख मोडला नव्हताच, आपटल्यावर सुटून यावा म्हणूनच तो रबरबँडांनी बांधतात. दुपारी लाइट आली तेव्हा पटेलजींच्या ओसरीवर गोंदाची बंदूक तापली, नाकाला ठिगळ लागलं. दादाने गाडीतली काळी टेप एका पंखाच्या खाली पट्ट्यापट्ट्यांनी चिकटवली. "भाऊजी, आता आपला हत्ती झेब्रा झाला."

"झेब्रा तर झेब्रा. दिसला म्हणजे झालं," हे म्हणाले. तोवर आभाळ निळं झालं होतं. दुसऱ्यांदा विमान उडालं, गोल फिरलं आणि रस्त्यावरच उतरलं. जरा उड्या मारत, पण उतरलं.

येताना पटेलजींनी मटारचं पोतं गाडीत टाकलं. पंख, शेपूट, मी आणि मटार. तिलवाऱ्याला मी नर्मदेला हात जोडले. भेडाघाट राहिलंच. तुम्ही जाल तर नक्की बघा, आणि आम्हाला कसं होतं ते सांगा.

नागपूरला पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी मी मटार सोलत बसले होते. हे फोनवर होते. आधी नणंदेला सगळी गोष्ट सांगितली, मग जुन्या ऑफिसातल्या मित्राला, मग दाराशी आलेल्या दूधवाल्याला हिंदीतून, हातवारे करून. फोडणी जळायला आली, मला कुकरच्या शिट्ट्या ऐकू येईनात. मी वैतागून स्वयंपाकघरातून ओरडले, "अहो, पुरे की आता! किती बोलाल!"

आणि गॅस बंद करून तिथेच उभी राहिले. यांच्या निवृत्तीनंतर हे वाक्य मी या घरात पहिल्यांदाच बोलले होते.