डॉक्टरांच्या मोटारीचं स्टिअरिंग
कासारवाडीला मी गाड्या दुरुस्त करायचो, तेव्हा चिंचवडच्या एका डॉक्टरांनी मला अगदी वैताग आणला होता. त्यांनी नुकतीच एक जुनी मोटार घेतली होती. “स्टिअरिंग ढिलं आहे,” म्हणाले, म्हणून मी आवळलं. दोन दिवसांनी “जड झालं” म्हणत आले, तेव्हा सैल केलं. मग पुन्हा ढिलं!

चौथ्या खेपेला मी पाना टाकला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. “चालवा, बघू.”

सरळ रस्त्यावरसुद्धा डॉक्टर स्टिअरिंगला सारखे हिसके देत होते. इतकी वर्षं ते व्हिजिटला स्वतः टांगा हाकत जायचे.

“अहो डॉक्टरसाहेब, हे लगाम न्हाईत! हात स्थिर धरा!” मी ओरडलोच.

त्यांनी धरले. गाडी सरळ निघाली. ते ओशाळून हसले. मला काही हसू येईना. गाडीखाली पडून पडून माझी पाठ धरली होती.