सर्जापूर रोडवरचा जोगवा

देवीवर माझी श्रद्धा आहे, पण भक्ती मी आजवर कामासारखी केली. घट बसवायचा, दिवा सांभाळायचा, नैवेद्य वेळेवर दाखवायचा. मागायचं मात्र काही नाही; देवीकडे नाही आणि माणसांकडे तर नाहीच. शाळांचे गणवेश शिवण्याचा माझा लहानसा कारखाना आहे. तिथे दिवसभर लोक माझ्याकडे काही ना काही मागत असतात आणि मला तीच बाजू सवयीची. त्यामुळे गेल्या नवरात्रात, मुलगी परदेशात तापाने बेशुद्ध पडली आहे असा निरोप आला, तेव्हा देवापुढे हात जोडून काय म्हणायचं हेच मला सुचेना.

पदवी झाल्यावर नोकरीआधी एक वर्ष हवं म्हणून ती झांबियाला गेली होती. शिकाऱ्यांनी आई मारल्यामुळे पोरकी झालेली हत्तीची पिल्लं तिथे एका केंद्रात सांभाळतात आणि मोठी झाली की जंगलात सोडतात. त्या केंद्रात ती स्वयंसेवक होती. बन्नेरघट्ट्याचं हत्तींचं जंगल इथे तासाभरावर असताना हत्तींसाठी आफ्रिका कशाला, असं मी विचारलं होतं. "आई, मला हत्ती बघायचे नाहीत, वाढवायचेत," असं म्हणून ती गेली. मी जाऊ दिलं, पण मनापासून नाही. आता तिच्या सहकाऱ्याचा निरोप आला, की मलेरिया डोक्यात गेला आहे, जवळच्या गावातल्या दवाखान्यात ठेवलं आहे, औषध सुरू आहे. त्यानंतर फोनच लागेना. माझा पासपोर्ट नूतनीकरणाला गेलेला, यजमानांनी तो कधी काढलेलाच नाही. वकिलातीपासून विमा कंपनीपर्यंत सगळीकडे फोन करून झाले. सगळे नीट बोलले. पण तिच्या उशाशी जाऊन बसेल असं त्यांच्यात कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. नवरात्रातल्या शुक्रवारी आमच्याकडे जोगवा मागतात. वेताची परडी घेऊन पाच घरी जायचं, दारात उभं राहून देवीच्या नावाने पसाभर धान्य मागायचं आणि जे मिळेल ते त्याच दिवशी शिजवून प्रसाद म्हणून खायचं. घरात कितीही भरलेलं असलं तरी त्या दिवशी मागूनच खायचं. शहराच्या जुन्या भागात, चामराजपेटला होतो तोवर सासूबाईंनी नेमून दिलेली पाच घरं आमच्याच गल्लीत होती. पुढे आम्ही इथे सर्जापूर रोडला आलो आणि ती मंडळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंकाला गेली, तरी दरवर्षी मी गाडी काढून तिकडेच जाते. खरं सांगायचं तर तिथे मागावं लागतच नाही. मी येणार हे ठाऊक असतं, त्या घरच्या बायका तांदूळ घेऊन दारात उभ्या असतात. या वेळी गाडी चालवण्याचं बळ माझ्यात नव्हतं. यंदा राहू दे, असं मी म्हटलं, तर यजमान म्हणाले, "आपल्याच बिल्डिंगमध्ये माग की."

"इथे कुणाला काय कळणार?"

"तुला कळतं ना? की मागायची लाज वाटते?"

लाजच वाटत होती. ती तशीच घेऊन निघाले.

पहिल्या दारातल्या तरुणाने मला वर्गणीवाली समजून मोबाइल पुढे केला आणि स्कॅनर कुठे आहे, असं विचारलं. पैसे नकोत, धान्य हवं, म्हटल्यावर बिचारा गोंधळला. तांदूळ त्याच्याकडे नव्हते. ओट्स चालतील का म्हणाला. चालतील, म्हटलं. दुसऱ्या दारातल्या कन्नड अक्कांना काही सांगावं लागलं नाही. त्यांच्या माहेरी यल्लम्माच्या नावाने असंच मागतात. "स्वल्प थांबा," म्हणत त्या आत गेल्या आणि वाटीला शीग लावून नाचणीचं पीठ घेऊन आल्या. पुढच्या दोन घरी तांदूळ मिळाले. पाचव्या दारावर क्रूस दिसला. उगाच कुणाला अवघडायला नको म्हणून मी वळणार, तोच कचऱ्याची बादली घेऊन बाई बाहेर आल्या. नव्याने राहायला आलेल्या मंगळूरच्या सेलीनबाई. मी जोगवा म्हणजे काय ते थोडक्यात सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या कोंकणीत विचारलं, "आनी तुमकां कितें जाय?"

तुम्हाला काय हवं, एवढंच विचारलं त्यांनी. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी मुलगी आजारी आहे. झांबियात. तिच्याजवळ कुणी नाही." हे मी बिल्डिंगमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी गावाचं नाव विचारलं. ते ऐकल्यावर बादली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "माझी थोरली बहीण तिथे जवळच सिस्टर आहे. मिशनच्या दवाखान्यात."

त्या गावाच्या शेजारच्याच गावात नन असलेली त्यांची बहीण कितीतरी वर्षं नर्सचं काम करते. दारातच उभं राहून त्यांनी बहिणीला फोन लावला आणि माझा नंबर कळवला. मग काहीतरी राहिल्यासारखं आत गेल्या आणि ओंजळभर उकडे तांदूळ आणून माझ्या परडीत घातले. उकडे तांदूळ, साधे तांदूळ, नाचणी आणि ओट्स. असा प्रसाद आमच्या घरात कधी शिजला नव्हता. चव बरी नव्हती. आम्ही दोघांनी ताट पुसून खाल्लं. उठणार तोच फोन वाजला आणि एक अनोळखी, थकलेला आवाज म्हणाला, "भियेनाका. हांव हांगा आसां. चेडवान पेज खाल्ली." घाबरू नका, मी इथे आहे, पोरीने पेज खाल्ली. फोन मी पुढे केला. यजमानांनी घेतला.

मंगळूरच्या सिस्टर कुठल्या देशात नाहीत, त्यात नवल कसलं, असं नंतर पुष्कळांनी सांगितलं. बरोबर असेल. मी वाद घातला नाही. मला एवढंच कळतं, की नेहमीच्या पाच घरी गेले असते तर तांदूळ घेऊन परत आले असते. देणारे हात देवीचेच असतात असं म्हणतात. त्यांच्याकडून घेताना आपला हात खाली असावा लागतो, हे मला पन्नाशीत कळलं.

मुलगी बरी झाली. सिस्टर रोज तिच्याकडे जात राहिल्या. मी तिचं परतीचं तिकीट पाहून ठेवलं होतं. फोनवर ते तिला सांगितलं. ती हळूच म्हणाली, की एक पिल्लू आहे, दुसऱ्या कुणाकडून बाटलीने दूध घेत नाही. टांगलेल्या ब्लँकेटला आईचं पोट समजून त्याला सोंड टेकवतं आणि मागे ती उभी असली तरच पितं. "आई, ते सुटं होईपर्यंत राहू दे. एवढंच मागते."

नको, हे माझ्या ओठावर होतं. पण दारात मागायला आलेल्याला रिकामं पाठवायचं नसतं, आणि मी तर नुकतीच पाच दारांतून भरून आले होते.

"सरी, बरं," मी म्हटलं. "राहा. मच्छरदाणी नीट खोचून झोपत जा."