चौथ्या विहिरीचं औषध

त्या उन्हाळ्यात माझ्या अंगावर तीन कामं होती आणि तिन्ही मी आपण होऊन ओढवून घेतली होती. पहाटे तालीम, संध्याकाळी भजनी मंडळात पेटी आणि मधल्या वेळात गावाच्या चार विहिरींत औषध टाकायचं. शेतातलं काम यात धरलेलं नाही, कारण ते मी करतच नव्हतो. ते माझा थोरला भाऊ करायचा आणि जेवताना माझ्याकडं बघून नुसता खाकरायचा. आई मात्र बोलायची. एक ना धड, भाराभर चिंध्या, असं ती भाकरी थापता थापता म्हणायची. औषधाच्या कामाला तर तिनं लष्कराच्या भाकऱ्या असंच नाव ठेवलं होतं. मला तिचा राग यायचा. आज वाटतं, मी तिन्हीकडं घाम गाळला खरा, पण तो लोकांना दिसावा म्हणून जास्त गाळला.

निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. आमचं गाव सोनपेठच्या अलीकडं, गोदावरीपासून तासाभराच्या चालीवर. नव्या सरकारबरोबर गावात नव्या गोष्टी यायला लागल्या होत्या. मोठ्या माणसांचे साक्षरतेचे वर्ग आले (उन्हाळा लागेपर्यंत ते मीच घेतले), सुया टोचणारे आले आणि विहिरीत टाकायचं लाल औषध आलं. आरोग्य खात्याचा एक माणूस सायकलवर आला आणि लिहिता-वाचता तरुण कोण म्हणून त्यानं चावडीत विचारलं. लोकांनी माझ्याकडं बोट केलं. त्यानं मला पत्र्याची पेटी, कुलूप आणि एक चमचा दिला. बादलीत औषध कसं विरघळवायचं, विहिरीत सोडून पाणी कसं घुसळायचं, हे त्यानं एकदा करून दाखवलं. कमी पडलं तर रोगाची कीड मरत नाही, जास्त पडलं तर पाणी लालभडक होतं आणि लोक ते सोडून ओढ्याचं पितात, म्हणून माप चुकवू नको, एवढं सांगून तो गेला. मी किल्ली करदोट्याला बांधली आणि घरात सांगून टाकलं की या पेटीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. ती किल्ली कमरेला टोचायची आणि मला ते आवडायचं.

तालमीत आमचे वस्ताद होते. पाचशे जोर, हजार बैठका, मग लाल मातीत लढत. जिंतूरकडच्या एका जत्रेत माझी कुस्ती ठरली होती. एक दिवस चुकलास तर जोड मोडून दुसऱ्याला उतरवीन, असं वस्तादांनी बजावलं होतं. गाण्यानं दम फुटतो, असं ते म्हणायचे. भजनी मंडळाचे बुवा म्हणायचे, दंड काढून गळा राठ होतो. दोघांचं एकमेकांशी बरं होतं, करवादायचे फक्त माझ्यावर.

तेव्हा दिवस पुरायचा नाही आणि मी कुठून तरी वेळ कापायचो. तालमीतून कापला की वस्ताद चारचौघांत लाज काढायचे. भजनातून कापला की बुवा पेटी दुसऱ्याच्या पुढ्यात सरकवायचे. विहिरीतून कापला तर मात्र कुणी हूं की चूं करत नव्हतं. त्यातल्या तीन विहिरी गावात होत्या आणि चौथी ओढ्यापलीकडच्या वस्तीची होती. कात्री कुठं लागायची ते वेगळं सांगायला नको.

ओढ्यापलीकडच्या माणसांना गावातल्या विहिरींना शिवू देत नसत. त्यांची ती एकच विहीर, उन्हाळ्यात तळाला गेलेली. त्या वस्तीत एक गृहस्थ होते, माझ्या वडिलांच्या वयाचे. गावातलं शेंबडं पोर त्यांना अरे-तुरे करायचं, मीही करायचो. आता लिहिताना अहो-जाहो करतो आहे, पण त्याचा त्यांना काय उपयोग? ते संध्याकाळी एकतारीवर भजन म्हणायचे. आवाज असा की ओढ्याच्या अलीकडून जाणारा माणूस थांबायचा. मीही थांबायचो. त्यांची एक चाल उचलून मी आमच्या मंडळात पेटीवर वाजवली होती आणि कुठून आणलीस म्हटल्यावर, सुचली, म्हणून सांगितलं होतं.

वैशाखात पटकी आली. आधी नदीकाठच्या गावांत, मग आमच्याकडं. पटकी आली की आमच्या भागात लोक घरं बंद करून शेतात राहायला जातात. चार दिवसांत अर्धं गाव ओस पडलं. आरोग्य खात्याच्या माणसानं निरोप धाडला की आता एक दिवसाआड चारही विहिरींत औषध पडलंच पाहिजे, हयगय नको. त्याच आठवड्यात बुवांनी मारुतीच्या देवळात सप्ताह बसवला. गावावरचं संकट टळावं म्हणून सात दिवस अखंड नामस्मरण.

सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. विणेकऱ्यानं ती गळ्यात घालून उभं राहायचं आणि त्याचा पहारा संपला की दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. देणारा आणि घेणारा, दोघंही वय-मान न बघता एकमेकांच्या पाया पडतात, तेव्हाच ती हातातून सुटते. सात दिवसांत ती एकदा जरी भुईला टेकली तर सप्ताह मोडला आणि संकट दुप्पट झालं, असं सगळे मानत होते. मीही मानत होतो. गावात माणसं उरली नव्हती, म्हणून बुवांनी दोन तासांचे पहारे तीन तासांचे केले. मी दुपारचा पहारा मागून घेतला. का मागितला? नको म्हणायची मला सवयच नव्हती.

तिसऱ्या दिवशी औषधाची पाळी होती. पहाटे तालमीत गेलो, कारण कुस्ती पंधरा दिवसांवर आली होती. वस्तादांनी त्या दिवशी दोन लढती जास्त घेतल्या. परत येऊन तीन विहिरी केल्या तोवर ऊन तापलं. ओढ्यापलीकडं जाऊन यायला तास-दीड तास लागला असता आणि मला आंघोळ करून बाराला वीणा घ्यायची होती. मी मनाशी हिशेब घातला की तीनला सुटलो की धावत जाईन. वस्तीतली माणसं कामावर गेलेली असतात, बाया उन्हं कलल्यावर पाणी भरतात, तोवर औषध पडेल. हिशेब चोख होता.

तीन वाजले आणि पुढचा विणेकरी आला नाही. तो आमच्यातलाच एक शेतकरी होता. नंतर कळलं की सकाळी त्याच्या घरात कुणाला तरी जुलाब झाले आणि तो बायकापोरांना गाडीत घालून न सांगता शेतात निघून गेला. बुवा सोनपेठला साहित्य आणायला गेले होते. देवळात टाळ घेऊन दोन म्हातारे बसले होते, पण एकाला गुडघ्यांमुळं उभं राहता येत नव्हतं आणि दुसऱ्याला उभं केलं असतं तर तो वीणेसकट पडला असता. मी नाम घेत होतो आणि डोळे रस्त्यावर होते. घशाला कोरड पडली. पायांत बैठकांचं दुखणं उतरलं. त्याहून वाईट म्हणजे उन्हं कलायला लागलेली मला दिसत होती.

तेवढ्यात ओढ्याकडून ते एकतारीवाले गृहस्थ आले. पायऱ्यांखाली थांबले, डोक्याचं पटकूर काढलं. वस्तीतली एक म्हातारी काल रात्रीपासून ओकायला लागली होती, तिची कापडं विहिरीच्या वरच्या अंगाला धुतली होती, हे त्यांनी सांगितलं. सकाळपासून ते माझी वाट बघत होते. त्यांना औषधाचं महत्त्व गावातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळलं होतं, कारण साक्षरतेच्या वर्गात मीच ते समजावून सांगितलं होतं. ते वर्गात दाराबाहेर बसायचे.

"मालक, बाया पान्याला निघायल्यात," ते म्हणाले. "दवा टाकायला चला."

मी वीणेकडं बोट दाखवलं. त्यांना कळलं. मग त्यांनी पेटीची किल्ली मागितली. तुम्ही टाकता ते मी दर वेळी बघतो, तसंच करीन म्हणाले. मी जे उत्तर दिलं ते मला आजही अंथरुणात कुशी बदलायला लावतं.

"तुला माप कळायचं न्हाई," मी म्हणालो.

हे खोटं होतं. माप म्हणजे एक चमचा होता. चार वर्षांच्या पोरालाही ते कळलं असतं. पण किल्ली माझी होती आणि ती एकदा दिली की माझ्यावाचून अडत नाही हे गावाला कळलं असतं. त्यांनी वीणेकडं बघितलं. मग म्हणाले,

"मंग वीना माज्याकडं द्या. तुमी जाऊन या. मी हितं पायरीवर उबा ऱ्हातो, आत येत न्हाई."

टाळ वाजवणाऱ्या म्हाताऱ्यांचे हात थांबले. मी त्या दोघांकडं बघितलं, मग रस्त्याकडं बघितलं. नवी राज्यघटना आली होती, शिवाशिव पाळणं गुन्हा आहे हे मीच वर्गात वाचून दाखवलं होतं. त्यांचा आवाज माझ्याहून चांगला होता हे मला ठाऊक होतं. वीणा द्यायची म्हणजे मला त्यांच्या पाया पडावं लागलं असतं, तेही भर दिवसा मारुतीसमोर. मी डोळे मिटले आणि मोठ्यानं नाम घ्यायला लागलो. काही उत्तर द्यायचं नसलं की देव फार उपयोगी पडतो. डोळे उघडले तेव्हा पायरीखाली कुणी नव्हतं.

त्यानंतरचे दोन तास मी कसे काढले ते सांगता येत नाही. वीणा टाकून पळावं असं शंभरदा वाटलं आणि शंभरदा भीती वाटली की ती भुईला टेकली तर गाव मरेल. दर थोड्या वेळानं वाटायचं, आता निघालो तरी चालेल, अजून बाया पोचल्या नसतील. घर देवळापासून हाकेवर होतं; आईला नुसती हाक मारून निरोप दिला असता तरी तिनं कुलूप तोडून औषध नेलं असतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. की सुचलं आणि मी ते दाबलं? इतक्या वर्षांत मी हे स्वतःशीही नीट कबूल केलेलं नाही.

बुवांची गाडी आली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. वीणा त्यांच्या गळ्यात दिली, पाया पडलो, घरून औषधाची पेटी उचलली आणि धावलो. पायांना तालमीची सवय होती, मी कुठंही थांबलो नाही. एवढा दम माझ्यात होता आणि तो दुपारभर एका जागी उभं राहण्यात गेला.

ते गृहस्थ विहिरीच्या काठावर आडवी काठी धरून बसले होते. देवळातून परतल्यापासून ते तसेच बसले होते. आलेल्या बायांना त्यांनी परत पाठवलं होतं. काही शिव्या देत ओढ्याकडं गेल्या, काही ऐकून थांबल्या. मी बादलीत औषध विरघळवलं. चमचा दोनदा सांडला. त्यांनी दोर धरला आणि बादली सोडली. पाणी गुलाबी झालं तसं मी म्हणालो की झालं, आता काही भीती नाही, अर्ध्या तासानं भरू द्या. ते विहिरीत बघत म्हणाले,

"सून पेली. मी यायच्या आदीच. रानातून आली हुती, लय तानली हुती."

मी चमचा पुसला, पेटीत ठेवला आणि कुलूप लावलं. ती सून दुसऱ्या रात्री आजारी पडली आणि तिसऱ्या दिवशी गेली. तिच्याआधी ती म्हातारी गेली होती. वस्तीतली आणखीही माणसं गेली. त्या दिवसांत मी वेळेवर विहिरीवर जायचो, औषध टाकायचो आणि कुणाकडं न बघता परत यायचो. तालमीतही गेलो, पेटीही वाजवली. काहीच चुकवलं नाही. रात्री आई ताट वाढून बसायची आणि मला घास गिळवत नसे. सगळीकडं पोचूनही मी कुठंच नव्हतो. जीव नकोसा झाला होता आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं. शेतातून माणसं परत आली होती, देऊळ भरलं होतं. ओढ्यापलीकडची माणसं नेहमीप्रमाणे लांब लिंबाखाली प्रसादासाठी थांबली होती आणि त्यांच्यात ते गृहस्थही होते. मी बुवांच्या उजव्या हाताला पेटीवर होतो. कीर्तन संपवताना बुवा म्हणाले की नामाचा महिमा बघा, शेजारची गावं उठली, पण मारुतीच्या कृपेनं आपल्या गावात एकही माणूस दगावलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बुवांनी वस्तीची माणसं मोजलीच नव्हती. मग त्यांनी माझं नाव घेतलं. या पोरानं भर उन्हात पाच तास वीणा धरली, पण भुईला टेकू दिली नाही, असं म्हणून त्यांनी मला पुढं बोलावलं.

लिंबाखालून ते माझ्याकडं बघत होते. बुवांकडं नाही, माझ्याकडं. खोटं आहे, एवढं एक वाक्य बोलायला मला किती दम लागणार होता? मी पेटीचा भाता मिटला, उठलो, बुवांच्या पाया पडलो आणि त्यांनी दिलेला नारळ घेतला.