हार्ड आणि हार्डली

आमच्या वॉर्डातल्या आयाबाईंना सगळे काकी म्हणायचे. बावीस वर्षं त्यांनी रुग्णांना उठवलं, पुसलं, हाताला धरून चालवलं. लिहायची वेळ मात्र कधी आली नव्हती. मग नवा नियम निघाला: रुग्णाला जो चालवेल त्यानंच रोजची नोंद करायची, तीही इंग्रजीत. काकींचं इंग्रजी शाळेतलं, तेही अर्धवट. पण हार मानणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. शाळेत शिकवणाऱ्या सुनेपुढे वही घेऊन बसल्या.

सून म्हणाली, "माणूस कसा आहे ते सांगतं विशेषण. काम कसं करतो ते सांगतं क्रियाविशेषण. माणूस स्लो, पण चालतो स्लोली."

"म्हणजे क्रियापद आलं की ‘ली’ लावायचं?"

"बहुतेक वेळा."

ते ‘बहुतेक’ काकींनी कानाआड केलं.

तेव्हा आमच्याकडे एक शिंपीदादा होते. पक्षाघातानं उजवं अंग लुळं पडलेलं. काकी त्यांना रोज पलंगापासून खिडकीपर्यंत चालवायच्या. तीन आठवड्यांनी नवे डॉक्टर आले, उभ्याउभ्याच नोंदवही चाळली आणि म्हणाले, "हे प्रयत्नच करत नाहीत. व्यायाम बंद करा. चाकाच्या खुर्चीवर घरी पाठवू."

दादांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. काकी तर उसळल्याच. "अहो, घामाघूम होतात ते!"

"तुम्हीच लिहिलंय. ट्राइज हार्डली."

मी त्या वॉर्डची नर्स. मी वही ओढून घेतली. रोज तेच, सुवाच्य अक्षरात.

"काकी, तुम्हाला काय म्हणायचं होतं?"

"जीव तोडून प्रयत्न करतात. क्रियापद आहे ना, म्हणून ‘ली’ लावलं."

"अहो, हार्डला ‘ली’ लागत नाही! माणूस हार्ड, आणि प्रयत्न करतो तेही हार्डच. हार्डली म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच!"

काकींचा चेहरा पांढराफटक पडला. खुर्चीचा कागद लिहीत असलेल्या डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. "चालवून दाखवा."

दादा उठले. ओठ आवळून, काकींच्या खांद्यावर भार टाकत निघाले आणि अकराव्या पावलाला त्यांनी खिडकीची चौकट धरली. डॉक्टरांनी खुर्चीचा कागद टराटरा फाडला. "व्यायाम चालू राहील. दोन वेळा."

काकी स्टुलावर टेकल्या. "मेलं ते ‘ली’!" म्हणाल्या आणि डोळे पुसता पुसता हसायला लागल्या. दादांची बायकोही हसली, मग दादाही, एका बाजूनं.

पाच आठवड्यांनी दादा काठी टेकत, आपल्या पायांनी जिना उतरून घरी गेले.