चौथा खांदा

आमच्या गावात ज्याला सगळे 'सेनापती' म्हणत, त्या माणसाला मी आजही माफ केलेलं नाही. तो जाऊन कैक वर्षं झाली, तरी नाही. कुणाला वाईट वाटायचं असेल तर खुशाल वाटू द्या.

बेचाळीस साली तो भूमिगत होता. तारा तोडल्या, रेल्वेचे रूळ उखडले. गडी छातीचा होता, ते मी नाकारत नाही. माझा धाकटा भाऊ त्याच्याच टोळीत. पण या बाबाला हारतुऱ्यांचं लई वेड. पोलीस मागावर असताना हा एका लग्नात भर मांडवात उगवला, गळ्यात हार घालून घेतला, वर भाषण ठोकलं. दुसऱ्याच दिवशी उसाच्या फडातल्या त्यांच्या मुक्कामावर धाड पडली. पाच पोरं धरली गेली. हा निसटला, माझा भाऊही निसटला.

मग फितूर कोण? सेनापतीने माझ्या भावाकडे बोट दाखवलं. पुरावा काय, तर मी! मी तेव्हा नगरच्या छावणीत गोऱ्यांच्या मेसमध्ये वाढप्या होतो. "ह्याचा भाऊ गोऱ्यांची ताटं उचलतो. बातमी दुसरीकडून कुठून जानार?" झालं. गावाने मान डोलावली. ज्या मांडवात हार घातला तिथली माणसंसुद्धा मूग गिळून बसली.

आम्हाला वाळीत टाकलं. आमच्या घरचं पाणी कुणी पिईना. वर्षभरात भाऊ काविळीने गेला. तिरडी उचलायला मी, मामा आणि शेजारचे बागवानचाचा, असे तिघेच. गावातले बाप्ये ओट्यांवर बसून बघत होते. चौथा खांदा द्यायला एक जण उठला नाही. शेवटी आईने पदर खोचला आणि तिरडीखाली शिरली. आमच्यात बाई मसणवटीत जात नाही. ती पोटच्या पोराला खांदा देत गेली. बांबूचा वळ तिच्या खांद्यावर आठ दिवस होता. रोज बघायचो आणि माझं रक्त उकळायचं.

स्वातंत्र्य आलं. सेनापतीचे सत्कार सुरू झाले. गोरे गेले, माझी मेस सुटली, आणि मी एका फिरत्या सिनेमाच्या तंबूत लागलो. मेसमध्ये राहून इंग्रजी समजायला लागलं होतं, तेच कामी आलं. इंग्रजी सिनेमा लागला की मशीनचा आवाज बारीक करायचा आणि मी पडद्याशेजारी भोंगा घेऊन गोष्ट मराठीत सांगायची.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे एक लढाईचा सिनेमा होता. देश फिलिपाईन्स. तिथला एक जनरल आधी स्पेनवाल्यांशी लढतो, मग अमेरिकनांशी. शूर असा की बघत राहावं. पण डोकं फिरलेलं. आपल्याच शिपायांच्या थोबाडीत मारतो, कुणावर भरवसा ठेवत नाही. एक डाव हरतो तो स्वतःच्याच चुकीने, आणि गोळी घालतो आपल्या सगळ्यात इमानी सोबत्याला. राहुरीत, पाथर्डीत मी हे जसंच्या तसं सांगितलं. बाया डोळे पुसायच्या.

मग तंबू बेलापुरात लागला. आमचं गाव तिथून दोन मैलांवर. दिवेलागणीच्या खेळाला बैलगाड्या भरून सगळं गाव आलं. आई बायकांच्या बाजूला बसली. आणि मालकाने पाहुणा म्हणून कुणाला बोलवावं? सेनापतीला! सगळ्यात पुढे खुर्ची, गळ्यात हार. म्हटलं, आता सापडलास गड्या.

पडद्यावर सोबत्याला झाडाला बांधलं. जनरल त्याच्यासमोर येऊन काहीतरी ओरडला. काय ओरडला ते मी सांगितलंच नाही. भोंग्यात म्हणालो, "ऐका मंडळी, जनरल काय म्हनतोय. लग्नाच्या मांडवात हार घालून घ्यायला मी गेल्तो. पोलिसांनी बघितलं ते मला. पन फितूर ठरशील तू, कारन तुझा भाऊ गोऱ्यांची ताटं उचलतो."

खोटं सांगितलं म्हणता? सांगितलं. पडद्यावर मांडव नव्हता की ताटं नव्हती. मला त्याची तेव्हाही लाज वाटली नाही.

सेनापती ताडकन उठला. "मशीन बंद करा! ह्या हरामखोराला बाहेर काढा!" त्याच्या डोक्याची सावली पडद्यावर पडली, बांधलेल्या सोबत्याच्या अंगावर. तेवढ्यात मागून एक म्हातारा उभा राहिला. त्या लग्नातल्या नवरीचा बाप. "त्यो मांडव माझा हुता. हार म्याच घातला हुता. दोन पोलीस साध्या कपड्यात जेवून गेले, ते मला मागनं कळलं. मी बोललो न्हाई. भ्यालो."

मग जो गिल्ला झाला! "बस खाली!" "हार काढ आधी!" सेनापती कनात वर करून निघून गेला, हार खुर्चीवर टाकून. मालकाने मला तिथल्या तिथे कामावरून काढलं. मला इतका आनंद झाला होता की मी त्याच्या पाया पडलो.

सकाळी दारात गावातले चौघे बाप्ये आले. पुढे तो मांडववाला म्हातारा. माना खाली. म्हातारा म्हणाला, "मावशे, तुज्या घरचं पानी पाज. आमचं चुकलं." म्हणजे वाळीत टाकणं संपलं. मी दार लावणार होतो. त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटत होतं.

आईने मला बाजूला सारलं. तांब्या भरून आणला आणि उंबऱ्यावर उभी राहिली. बोट दाखवत एकेकाला मोजलं, सावकाश.

"आज बरे चौघं आलात," ती म्हणाली. "त्या दिशी मला एकच पायजे हुता."

आणि तिने तांब्या त्यांच्यासमोर अंगणात ओतून दिला.