सगळ्यांनी पाय बघितला

अन्याय माझ्या वडिलांवर, अप्पांवर झाला. गेल्या पोंगलनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळच्या ओपीडीत, चेन्नईत तांबरमजवळच्या एका दवाखान्यात. पत्रकं लिहिते मी, तेव्हा आधी हे नोंदवून ठेवते.

अप्पा गणिताचे मास्तर. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून उजव्या काखेत कुबडी. आमच्या तंजावरी घरात ताठ चालण्याचं भारी कौतुक. वाकून चालणारा म्हणजे हरलेला. म्हणून अप्पा सुताराकडून कुबडी मुद्दाम उंच करून घेत. भार मुठीवर पडायचा तो काखेवर पडे, वर्षानुवर्षं. अशानं दंडाची धमनी फुगू शकते, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. डॉक्टर पुष्कळ झाले. कुबडीचं माप एकानंही बघितलं नाही.

मग हातातून खडू निसटू लागला. बोटं गार, निळसर. काखेखाली लिंबाएवढी गाठ.

त्या सोमवारी डॉक्टरांनी आधी पाय तपासला. मी म्हटलं, "दुखणं हाताचं आहे."

"कुबडी घासतेय, सार. मलम लावा. बोटांना थंडी बाधली असेल."

"चेन्नईत?" अप्पा म्हणाले. "मग स्वेटरही लिहून द्या."

डॉक्टर हसले. गाठीवर बोट मात्र ठेवलं नाही. ठेवलं असतं तर ती नाडीसारखी उडताना कळली असती.

पुढं अंगठ्याशेजारची दोन बोटं काळी पडली. मोठ्या इस्पितळातल्या सर्जनबाईंनी गाठीला हात लावला आणि तडक स्कॅनला पाठवलं. स्कॅनमध्ये दिसलं: फुगलेल्या धमनीत रक्त गोठत होतं, गुठळ्या सुटून बोटांत अडकत होत्या. तो भाग काढून बाईंनी अप्पांच्या धडक्या पायातली शीर तिथं जोडली. हात वाचला. बोटं गेली.

"परवा इल्लै, चालतंय," अप्पा म्हणाले, "पाय एकदाचा हाताच्या कामी आला." परवा इल्लै म्हणे. मला चालत नाही. आता ते फळ्यावर डाव्या हातानं लिहितात, आणि ते वाकडेतिकडे आकडे बघून वर्ग माना खाली घालतो.

दुर्मिळ आजार आहे, असं सांगतात. हात न लावता बघितलं तर सगळंच दुर्मिळ.

तुमच्या घरात, गल्लीत कुणी कुबडी वापरत असेल तर आजच बघा, ती काखेत रुततेय का. उडणारी गाठ असेल तर दाबू नका, कुणाला फोडू देऊ नका. रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे न्या. आणि डॉक्टर पायाकडेच बघत बसला, तर त्याचा हात धरा आणि गाठीवर ठेवा.